वरचं पान

गुरुजी हजेरी पुकारत नसत. त्यांच्या सदऱ्याला दोन मोठे खिसे होते, शिंप्याकडून मुद्दाम शिवून घेतलेले. सकाळी डाव्या खिशात पटावरच्या मुलांइतके खडे असायचे. एक मूल दारातून आत आलं की एक खडा डाव्यातून उजव्यात जाई. सगळी बसली की ते डाव्या खिशात हात घालून उरलेले खडे चाचपायचे आणि पहिलीच्या मुलांना विचारायचे, "अजून कोण यायचंय रे?"

मुलं एकमेकांकडे बघत. मग कुणीतरी ओरडे, "काळू नाय आला गुर्जी. त्याची बकरी याली."

हजेरीपत्रकावरच्या खुणा दुपारी व्हायच्या. त्या मी करायचे.

मी त्या शाळेत रुजू झाले तेव्हा मला याची गंमत वाटली होती. नंतर वाटेनाशी झाली. पण गुरुजींची गंमत वाटणारी माणसं अजून पुष्कळ आहेत, आणि ती टाळ्या वाजवतात, म्हणून हे लिहायला बसले.

शाळा मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या अंगाला, एका वाडीवर होती. खालच्या गावापर्यंत डांबरी रस्ता, पुढे ओहळ, ओहळापलीकडे चढ आणि चढ संपला की वाडी. एक खोली, एक पडवी, दोन शिक्षक. पहिली-दुसरी गुरुजींकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. मुख्याध्यापकही तेच. मी सापगावहून स्कूटीवर यायचे, गाडी खालच्या गावात लावायचे आणि वर चालत जायचे. गुरुजींचं घर शहापूरला, पण ते आठवडाभर खालच्या गावात खोली घेऊन राहत. खुर्ची शाळेत एकच होती. तीवर ते बसत.

ते वाईट शिक्षक होते असं मी म्हणणार नाही. म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

शून्य शिकवायला त्यांनी एकदा अख्खा तास घेतला. मुलांना गोल बसवलं आणि मध्ये रिकामी टोपली ठेवली.

"काय आहे टोपलीत?"

"काय नाय."

"नीट बघा."

"काय नाय गुर्जी."

"मग मोजा."

मुलं वाकून वाकून बघत राहिली. माझी चौथी पडवीतून भागाकार सोडून तिकडेच बघत होती. शेवटी एक पोरगं वैतागून म्हणालं, "गुर्जी, जे नायच हाय ते मोजू कसं?"

गुरुजींचा चेहरा असा उजळला की जणू त्या पोराने नदीला पूल बांधला. "झालं आजचं गणित," म्हणाले आणि मुलांना खेळायला सोडलं. फळ्यावर शून्य काढलं ते चार दिवसांनी.

शाळेला अंकांचा तक्ता आला होता, एक ते शंभर, रंगीत. तो त्यांनी भिंतीकडे तोंड करून लावला. मी विचारलं तर म्हणाले, "भिंतीला शिकू दे. माझी पोरं मोजून शिकतील." कुणी पाहुणा आला की चहा व्हायचा, पण कप किती आणायचे ते सांगायचे नाहीत. दुसरीतल्या मुलाला म्हणायचे, "जेवढी माणसं तेवढे कप." मूल पाहुण्यांना एकदा निरखून स्वयंपाकाच्या शेडमध्ये पळायचं, तिथे गोंधळून परत यायचं, पुन्हा निरखायचं. चहा गार व्हायचा. ग्रामसेवक एकदा म्हणाला, "गुरुजी, उद्या सकाळी आलो तर मिळेल का?"

"घाई कुणाला आहे?" गुरुजी म्हणाले.

हे त्यांचं वाक्य. दिवसातून किती वेळा ऐकायचं त्याला धरबंध नव्हता. वाडीतला एखादा बाप दारात येऊन उभा राहायचा, टोपी हातात. "गुर्जी, पोरगा अजून एकसुदा काढीत नाय पाटीवर. खालच्या शाळंतली पोरं शंबरपावत म्हनतात."

"म्हणू देत. घाई कुणाला आहे?"

"आमाला हाय ना," बाप म्हणायचा. यावर गुरुजी हसत. बापाने विनोद केला असं त्यांना वाटे.

न्यायाने बोलायचं तर त्यांच्या मुलांना जे येत होतं ते पक्कं येत होतं. माझ्या तिसरीत दुसऱ्या शाळेतून आलेली एक मुलगी होती. शंभरपर्यंत घडाघडा म्हणायची. तिला म्हटलं, बारा पत्रावळ्या आण, तर हाताला लागतील तेवढ्या उचलून आणायची. गुरुजींच्या हाताखालून आलेलं मूल असं कधी करत नसे. ते बाराच आणे, आणि बारा का, हेही भांडून सांगे. त्यांना चूक म्हणायची गुरुजींची रीत नव्हती. मूल चुकलं की फक्त "परत मोज" म्हणायचं. बरोबर आलं तरी "परत मोज." म्हणून ती मुलं मोठ्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर बदलत नसत. हा गुण त्यांनी लावला, आणि त्याच गुणाने घात केला.

वाडीतल्या बायका-पोरी जंगलातून पळसाची पानं आणतात. मुंबईच्या फुलवाल्यांना पुड्या बांधायला ती लागतात. दहा पानं एकावर एक ठेवून देठाकडे वाखाच्या दोरीने बांधली की जुडी झाली. फक्त प्रत्येक जुडीत एक पान जास्तीचं घालतात. त्याला वरचं पान म्हणतात. वाटेत एखादं फाटलं तर व्यापाऱ्याची कटकट नको, म्हणून. हे कुणी कुणाला शिकवत नाही. पोर पाच-सहा वर्षांची झाली की आईशेजारी बसून जुड्या बांधू लागते आणि तिच्या हाताला ती जाडी माहीत होते.

एका वर्षी गुरुजींनी ठरवलं की दशक शिकवायला काड्या आणि रबर नकोत. मुलांच्या घरात दशक बांधलेलंच आहे. त्यांनी मुलांना घरून जुड्या आणायला सांगितल्या. एक जुडी म्हणजे एक दशक, बाकीची सुटी पानं म्हणजे एकक. पहिल्याच दिवशी बुधी नावाच्या दुसरीतल्या मुलीने जुडी सोडून पानं मांडली तर ती अकरा भरली. सगळ्यांच्याच अकरा भरल्या.

दुसरा कुणीही शिक्षक म्हणाला असता, बाळांनो, एकेक पान काढा. गुरुजी खुर्चीवर बसून मांडीवर थापा मारत हसले. मधल्या सुट्टीत मला सांगायला आले.

"बाई, यांची जुडी अकराची!"

"मग काढायला सांगा एक."

"मी नाही सांगणार. त्यांचं त्यांना कळू दे. घरची जुडी वेगळी आणि व्यापाऱ्याची वेगळी, मग हिशेब जुळत नाही, दहाचंच काहीतरी ठरवायला हवं, हे त्यांना आपणहून सुचेल तेव्हा दशक शिकवून झालं."

"आणि सुचलं नाही तर?"

"सुचेल. मी दहा म्हणून सांगितलं की ती माझ्या तोंडाकडे बघायला लागतील. पानांकडे बघायची बंद होतील."

"बघू देत तोंडाकडे. तपासणीला येतात ते तोंडीच विचारतात."

"घाई कुणाला आहे?"

घाई होती, आणि ती त्यांनाही माहीत होती. आमच्या शाळेचा पट कमी झाला होता. अशा शाळा खालच्या गावात मिळवायच्या असं चाललं होतं, आणि शिक्षण खात्याचे साहेब एकेक शाळा बघत फिरत होते. लहान मुलांचं गणित-वाचन बरं दिसलं तर शाळा राहू द्यावी अशी शिफारस ते करू शकत होते. वाडीतल्या बायकांना यातलं एवढंच कळत होतं की शाळा खाली गेली तर पावसात ओहळ भरल्यावर पोरं जाणार नाहीत. आणि त्यांना कळत होतं ते बरोबर होतं. बुधीची आई मला रस्त्यात अडवून विचारायची, "बाय, ऱ्हाईल ना आमची शाळा?" मी म्हणायचे, मुलांनी नीट उत्तरं दिली तर राहील. "मंग देतील की," ती म्हणायची. "बुधी लय हुशार हाय. गुर्जीच म्हनतात."

साहेब आले ते भात पोटरीला आल्यावर. माणूस बरा होता. चढ चढून घामाघूम झाला होता, तरी कपांचा खेळ त्याने हसत बघितला आणि गार चहा प्यायला. मला हळूच म्हणाला, "बाई, मला ही शाळा बंद करायची हौस नाही. ओहळ मी पाहिलाय. दोन-चार उत्तरं चांगली येऊ द्या, म्हणजे मला लिहायला बरं."

तिसरी-चौथीचं ठीक झालं. मग साहेब पहिली-दुसरीत जाऊन खाली चटईवर बसले. पानं बघून त्यांना कौतुक वाटलं. त्यांनी दोन जुड्या आणि तीन सुटी पानं समोर मांडली आणि बुधीला विचारलं, "हे किती झाले, बाळ?"

बुधीने पानांकडे बघितलं. "पंचवीस."

साहेबांना वाटलं, पोर घाबरली. "सावकाश सांग. दोन दशक, तीन सुटे. किती?"

"पंचवीस."

"तुम्ही सांगा रे," ते बाकीच्यांना म्हणाले.

"पंचवीस!" सगळा वर्ग ओरडला.

साहेबांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी खुर्चीवर हाताची घडी घालून बसले होते. तेवढ्यात बुधीने जुड्या सोडल्या, एकेक पान चटईवर मांडत मोठ्याने मोजलं आणि पंचविसाव्या पानावर बोट ठेवून साहेबांकडे बघितलं. मंद पोराकडे बघावं तसं. "हायत का नाय?"

साहेब हसले. मनापासून हसले. "गुरुजी, अहो, यांच्या जुडीत अकरा पानं आहेत."

"आहेत."

"मग काढा ना एकेक."

"मी नाही काढणार. तिने बांधली आहे. मोजलंयही तिने बरोबर."

बुधीने पानं गोळा करून दोन्ही जुड्या पुन्हा बांधल्या, तोवर साहेब बघत राहिले. मग उठले, गुडघे झटकले. "मी जरा बाहेर पाणी पिऊन येतो," म्हणाले. "आलो की हाच प्रश्न विचारीन. मला तेवीस ऐकू आलं तर बरं होईल." आणि खरोखरच बाहेर गेले. आंब्याखाली जाऊन पाठ करून उभे राहिले. त्याहून जास्त एखाद्या साहेबाने काय करावं?

मी पडवीतून आत गेले. "गुरुजी, एक पान. प्रत्येक जुडीतलं एक पान काढायचंय."

"बाई, तुमचा वर्ग तिकडे आहे."

"शाळा जाईल."

"मुलांना खोटं बोलायला शिकवून शाळा राखायची?"

"यात खोटं काय आहे? शाळेत दशक दहाचं असतं, एवढं सांगायचंय."

"त्यांना सुचेल."

"पाणी पिऊन येईपर्यंत सुचेल?"

मी जुड्यांकडे हात नेला तर त्यांनी त्या उचलून स्वतःच्या मांडीवर ठेवल्या. साठीला आलेला माणूस, मांडीवर पळसाच्या जुड्या घेऊन बसलेला. मग मी बुधीकडे वळले. "बुधे, साहेब आले की तेवीस म्हण गो. नुसतं तेवीस."

बुधी माझ्याकडे बघत राहिली. "पन पंचवीस हायत, बाय."

गुरुजींच्या चेहऱ्यावर रिकाम्या टोपलीच्या दिवशीचा तो उजेड आला. इतकं सुख मी माणसाच्या चेहऱ्यावर क्वचित पाहिलं आहे.

साहेब आत आले. त्यांनी विचारलं. बुधीने सांगितलं. साहेबांनी पेनाला टोपण लावलं, नमस्कार केला आणि चढ उतरून गेले.

पुढच्या जूनला शाळा खाली गेली. कुलूप लावायच्या दिवशी वाडीतल्या बायका पडवीत येऊन बसल्या होत्या. कुणी आरडाओरडा केला नाही. बुधीची आई फक्त म्हणाली, "गुर्जी, येक पान काढाया काय जात व्हतं तुमचं?"

"तुमच्या मुलीचं उत्तर बरोबर होतं, बाई."

"बरोबर व्हतं तं शाळा का गेली?"

"ते साहेबांना विचारा," गुरुजी म्हणाले, आणि खिशातले खडे त्यांनी अंगणात ओतले.

मुलांबरोबर मीही खालच्या शाळेत गेले. गुरुजींची सेवा जास्त, त्यांना शहापूरजवळ घराशेजारची शाळा मिळाली. खाली आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी बुधीला जुडी दाखवून म्हटलं, "हे बघ, घरची जुडी अकराची. शाळेची दहाची. शाळेत वरचं पान नसतं." ती म्हणाली, "बरं." झालं. एक पाठ लागला नाही. दुसऱ्या दिवशी ती हातच्याची बेरीज करत होती. बाकीच्यांना तिनेच समजावलं. गुरुजी ज्याची वाट बघत होते ते सांगायला मला तोंडातली सुपारी बाजूला सारण्याएवढाही वेळ लागला नाही, आणि त्यामुळे ती कुणाच्या तोंडाकडे बघायला लागली नाही. पानांकडेच बघत होती.

मग पाऊस लागला. ओहळ भरला. मी पलीकडे जाऊ शकले तेव्हा बुधीच्या घरी गेले. धाकट्या भावाला मांडीवर घेऊन ती जुड्या बांधत होती. "पानी उतरू दे, बाय, धाडते," आई म्हणाली. पाणी उतरलं. काही मुलं आली. बुधी आली नाही. मी पुन्हा गेले, पुन्हा गेले, मग आई मला बघितल्यावर घरात निघून जायला लागली.

गेल्या महिन्यात बुधी मला शहापूरच्या बाजारात भेटली. मी ओळखलं नव्हतं, तिने हाक मारली. कडेवर मूल, पुढ्यात ओल्या फडक्याखाली जुड्या. घरी पूजा होती, मला पानं हवीच होती. गुरुजी कसे आहेत विचारलं तिने. बरे आहेत, म्हटलं. शेजारची बाई तिला म्हणाली, "ए पंचवीस, सुटी पानं हायत का गो तुज्याकडं?" बुधीने मागे न बघता चार पानं तिच्याकडे टाकली. मी तिच्याकडे बघत होते ते तिला कळलं.

"वाडीत समदी तसंच म्हनतात," ती म्हणाली. "पयल्यापासून. शाळा मी घालवली ना." आणि हसली, कारण आता तिला त्याची सवय झाली असावी. मग म्हणाली, "बाय, तवा मी तेवीस म्हनली असती तं शाळा ऱ्हायली असती का?"

"तू सात वर्षांची होतीस," मी म्हटलं. "दोन जुड्या दे."

तिने दिल्या. घरी येऊन मोजल्या. अकरा, अकरा.

आणि आता टाळ्यांचं. गुरुजी निवृत्त झाले ते सुटले नाहीत, प्रसिद्ध झाले. लहान मुलांना गणित कसं शिकवावं यावर शिक्षकांची प्रशिक्षणं असतात, तिथे त्यांना बोलावतात. सदरा तोच, दोन खिशांचा. खड्यांचं प्रात्यक्षिक करतात, टोपलीचं करतात, तरुण मास्तर मोबाइलवर चित्रीकरण करतात. परवा शहापूरला अशाच प्रशिक्षणात मी सकाळच्या तुकडीत बसले होते. शेवटी त्यांनी अकरा पानांची गोष्ट सांगितली. सुंदर सांगतात. साहेब पाणी प्यायला बाहेर जातात, घाबरट बाई मुलीला तेवीस म्हणायला सांगतात, आणि मुलगी म्हणते, पण पंचवीस आहेत! इथे गोष्ट संपते. सभागृह टाळ्यांनी भरलं. माझ्या शेजारच्या मुलीने डोळे पुसले.

"कुणाला काही विचारायचंय?"

मी उभी राहिले. "गुरुजी, त्या शाळेचं काय झालं? आणि त्या मुलीचं?"

त्यांनी कपाळावर हात धरून माझ्याकडे निरखून पाहिलं. "अरे! बाई, तुम्ही!" त्यांना खरंच आनंद झाला. सगळ्यांना म्हणाले, "याच त्या घाबरट बाई!" सगळे हसले.

हसणं संपेपर्यंत मी थांबले. मग सांगितलं. म्हटलं, शाळेला कुलूप लागलं. मुलीची शाळा त्याच पावसात सुटली. शहापूरच्या बाजारात पानं विकते. शाळा हिने घालवली म्हणून वाडीत तिला अजून पंचवीस म्हणतात. मला वाटलं, आता हा माणूस खाली बघेल. इतकी वर्षं मला तेवढंच हवं होतं.

गुरुजी व्यासपीठाच्या कडेपर्यंत पुढे आले. "जुडी कितीची बांधते?"

"काय?"

"ती मुलगी. आता. जुडी कितीची बांधते?"

"अकराची."

"बघा!" त्यांनी टेबलावर हात आपटला. डोळ्यांत पाणी होतं. "बघा! अजून अकराचीच!"

दुपारी दुसरी तुकडी होती. मी मागच्या दारात चपला घालत होते तेव्हा आतून आवाज येत होता. गोष्टीला त्यांनी नवा शेवट जोडला होता. ती मुलगी आजही अकराचीच जुडी बांधते, ते म्हणाले, आणि तिच्या वाडीने तिला नाव दिलंय, पंचवीस.

सकाळपेक्षा टाळ्या जास्त पडल्या.